संचित कार्यविधींचे व्यवस्थापन

संचित कार्यविधींचे व्यवस्थापन : संबंधाधिष्ठित विदागारात माहिती कोष्टकांच्या रूपाने साठविलेली असते. या कोष्टकांशेजारीच साठविलेल्या, स्वतंत्र नाव असलेल्या व त्या नावाने हवे तेव्हा पाचारण करता येणाऱ्या आज्ञांच्या संचास संचित कार्यविधी म्हणतात. संगणक व्यवसायात ‘स्टोअर्ड प्रोसीजर’ हीच संज्ञा अधिक रूढ आहे. एखाद्या मोठ्या विदागारात अशा कार्यविधींची संख्या शेकड्यांनी वाढते. त्यांचे वर्गीकरण, नामकरण, अधिकारवाटप, आवृत्तींचे जतन व चाचणी यांचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे.

इतिहास : एडगर कॉड यांनी १९७० मध्ये संबंधाधिष्ठित प्रतिमान मांडले. त्यावर आधारलेली पृच्छाभाषा डोनाल्ड चेंबर्लिन व रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केली. एसक्यूएल या नावाने ती पुढे प्रमाण भाषा झाली. तिचे पहिले अमेरिकन प्रमाणक १९८६ चे आहे. या भाषेत काय हवे ते सांगता येई. परंतु ‘अमुक असल्यास असे करा, नसल्यास तसे करा’ अशी क्रमवार कृती सांगण्याची सोय मुळात नव्हती. ती उणीव निरनिराळ्या उत्पादकांनी आपापल्या परीने भरून काढली. सायबेस कंपनीच्या १९८७ मधील प्रणालीने संचित कार्यविधींचा प्रसार केला, तर ओरॅकलच्या १९९२ मधील सातव्या आवृत्तीत त्यांचा समावेश झाला. यासंबंधीचे प्रमाणक १९९६ मध्ये तयार झाले; पण तोपर्यंत प्रत्येक उत्पादकाची बोली वेगळी झाली होती. मायएसक्यूएलमध्ये ही सोय २००५ मधील पाचव्या आवृत्तीने आली. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये फलने पूर्वीपासून होती, स्वतंत्र कार्यविधी मात्र २०१८ मधील अकराव्या आवृत्तीत आल्या.

उदाहरण : कार्यविधी ही कल्पना महसुली कारभारास नवी नाही. वऱ्हाडात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी पद्धत लागू झाली, तेव्हापासून गावदप्तर ठराविक नमुन्यांत लिहिले जात आले आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ नुसार जमिनीत हक्क संपादन करणाऱ्याने तीन महिन्यांच्या आत वर्दी द्यावयाची असते. तलाठ्याने तिची नोंद गाव नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवहीत घ्यावी, चावडीवर प्रत लावावी व हितसंबंधितांस नोटीस द्यावी. हरकत आल्यास प्रकरण नमुना सहा-अ मध्ये नोंदवावे. आणि मंडल अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केल्यावरच गाव नमुना सातमध्ये बदल करावा, असा हा क्रम आहे.

अमरावती वा अकोला जिल्ह्यातील एखाद्या गावचे असे दप्तर विदागारात मांडावयाचे ठरविल्यास फेरफार, सात-बारा व आठ-अ यांची कोष्टके वेगवेगळी राहतात. नोंद प्रमाणित करताना मात्र तिन्हींत एकाच वेळी बदल झाला पाहिजे. फेरफारावर शिक्कामोर्तब झाले आणि सात-बारावर जुनेच नाव राहिले, तर पीककर्जासाठी गेलेल्या शेतकऱ्यास रिकाम्या हाताने परतावे लागते. म्हणून हे बदल एका कार्यविधीत, एकाच अविभाज्य व्यवहाराच्या रूपाने बांधतात. एक पायरी चुकली तर सर्व पायऱ्या मागे घेतल्या जातात.

नियम एकाच ठिकाणी असण्याचे महत्त्व पुढील हिशेबावरून कळते. २ हेक्टर ५० आर शेताची तीन भावांत समान वाटणी केल्यास प्रत्येकास ८३.३३ आर येतात. त्यांची बेरीज २४९.९९ आर होते व ०.०१ आर, म्हणजे एक चौरस मीटर, हिशेबाबाहेर राहते. हा अवशेष कोणाच्या हिश्शात धरावा हा नियम एका कार्यविधीत एक आणि दुसरीत निराळा असेल, तर गावच्या क्षेत्राचा मेळ कधीच बसणार नाही.

वर्गीकरण व नामकरण : सर्व कार्यविधी एका सरसकट यादीत न ठेवता विषयवार विभागांत ठेवणे हा पहिला नियम होय. फेरफार, पीकपाहणी, वसुली असे विभाग करता येतात. बहुतेक प्रणालींत त्यासाठी नामक्षेत्राची सोय असते. ओरॅकलमध्ये संबंधित कार्यविधींचे एक गाठोडेही बांधता येते. नावात विषय व क्रिया दोन्ही स्पष्ट असावीत : ‘फेरफार_प्रमाणित_करा’ या नावावरून जो बोध होतो, तो ‘प्रक्रिया_२_नवीन’ यावरून होत नाही. मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीत ‘एसपी’ व अधोरेषा हा उपसर्ग टाळावा, कारण अशा नावाचा शोध ती प्रथम स्वतःच्या अंतर्गत कार्यविधींत घेते.

बदलणाऱ्या गोष्टी कार्यविधीच्या मजकुरात लिहू नयेत, कोष्टकात ठेवाव्यात. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशिम जिल्हा अस्तित्वात आला आणि कारंजा, मंगरूळपीर, रिसोड इ. तालुके त्यात गेले. २०११ च्या जनगणनेत अकोल्याचा संकेतांक ५०१, वाशिमचा ५०२ व अमरावतीचा ५०३ होता. कोणता तालुका कोणत्या जिल्ह्यात हे कोष्टकात असेल, तर अशा विभाजनाच्या वेळी काही ओळी बदलून भागते. तेच दहापाच कार्यविधींत विखुरलेले असेल, तर त्यांतील एखादी दुरुस्तीवाचून राहतेच.

अधिकार : वापरकर्त्यास कोष्टकात थेट बदल करण्याची मुभा न देता केवळ ठराविक कार्यविधी चालविण्याची अनुज्ञा देता येते. ज्याने वर्दी नोंदवावयाची त्यास नोंदणीची, ज्याने प्रमाणित करावयाचे त्यास प्रमाणनाची कार्यविधी, अशी वाटणी केली की कागदावरील अधिकारविभागणी यंत्रातही टिकते. वापरकर्त्याने दिलेले मूल्य आज्ञेच्या मजकुरात न जोडता प्राचल म्हणून स्वीकारल्यास घातक आज्ञा घुसविण्याचा धोका टळतो. परंतु कार्यविधीच आतून मजकूर जुळवून आज्ञा तयार करीत असेल, तर हे संरक्षण उरत नाही.

आवृत्ती व चाचणी : चालू विदागारातील प्रत ही मूळ प्रत समजू नये. प्रत्येक कार्यविधीचा मजकूर स्वतंत्र संचिकेत, आवृत्ती-नियंत्रण प्रणालीत ठेवावा; बदल क्रमांकित संचिकांद्वारे प्रथम चाचणीच्या व मग प्रत्यक्ष विदागारात, त्याच क्रमाने लागू करावेत. याचे कारण केवळ तांत्रिक नाही. प्रमाणित फेरफाराविरुद्ध उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करता येते. त्या वेळी नोंदीच्या दिवशी कोणता नियम यंत्रात लागू होता हे दाखविता आले पाहिजे. जुनी आवृत्ती पुसून नवी लिहिली असेल, तर तो पुरावाच नष्ट होतो. एका कार्यविधीवर दुसऱ्या कोणत्या अवलंबून आहेत याची सूची प्रणालीकडून मिळते. बदलापूर्वी ती पाहून अवलंबितांचीही चाचणी घ्यावी. मात्र आज्ञा मजकुरातून जुळविलेल्या असतील, तर असे अवलंबित्व या सूचीत दिसत नाही.

मर्यादा : उत्पादकांच्या बोली भिन्न असल्याने एका प्रणालीतील कार्यविधी दुसरीत जशाच्या तशा चालत नाहीत, प्रणाली बदलताना त्या पुन्हा लिहाव्या लागतात. सर्व गणन विदागाराच्या संगणकावर झाल्याने त्याच्यावरील भारही वाढतो. त्यामुळे नोंदींच्या अचूकतेशी थेट निगडित असलेले नियम विदागारात व पडद्यावरील मांडणीसारखी कामे बाहेरील आज्ञावलीत, अशी विभागणी अनेक ठिकाणी करतात. कागदी दप्तरात एका हाताची चूक सामान्यतः एका गावापुरती राहते. कार्यविधीतील चूक तिच्याद्वारे होणाऱ्या प्रत्येक नोंदीत उतरते. तिच्या देखभालीत काटेकोरपणा आवश्यक ठरतो तो यामुळेच.