अकरा जणांची यादी

माहूरच्या बसस्थानकाजवळ चहाचं एक हॉटेल आहे. गडावरून रेणुकामातेचं दर्शन घेऊन आलेले, दत्तशिखराहून उतरलेले, सोनापीर बाबांच्या दर्ग्याला आलेले, सगळे तिथं एकाच बाकावर टेकतात. संध्याकाळी मीही टेकतो. तिथं पावसावर वाद होतो, कापसाच्या भावावर होतो, क्रिकेटवर तर रोजच होतो. फुटबॉलवरचा वाद मी तिथं पहिल्यांदा ऐकला तो नोव्हेंबर २०२५ मध्ये. कॉलेजातली चार पोरं एका मोबाइलवर वाकून बसली होती. एक जण तावातावानं म्हणाला, "एकशेचाळीस कोटींच्या देशाला अकरा माणसं मिळंनात, म्हणून ऑस्ट्रेलियातून आणायची काय?" दुसरा म्हणाला, "त्याची आई आपल्या मुंबईची आहे. आणला काय म्हणतोस? घरी आलाय तो." मग एकानं माझ्याकडं मान वळवली. "चाचा, तुम्हीच सांगा. हा आपला का नाही?"

मी कविता लिहिणारा माणूस. फुटबॉलला पाय लावला तो शाळेत असताना, तोही बूट नव्हे तर रबरी चप्पल काढून ठेवून. पण "हा आपला का नाही" हा प्रश्न मात्र माझ्या ओळखीचा आहे. त्याकडे नंतर वळतो. आधी ज्याच्यावरून वाद चालला होता त्या खेळाडूची गोष्ट.

त्याचं नाव रायन विल्यम्स. जन्म ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा, आईचं घराणं मुंबईचं, अँग्लो-इंडियन. त्याचे आजोबा लिंकन ग्रोस्टेट १९५० च्या दशकात संतोष करंडकात मुंबईकडून खेळले होते. रायन इंग्लंडमधल्या क्लबांतून खेळला आणि २०२३ पासून बेंगळुरूच्या संघात आला. आपल्या देशात दुहेरी नागरिकत्व नाही. परदेशी भारतीयांना जे ओसीआय कार्ड मिळतं ते काही नागरिकत्व नव्हे, आणि देशाच्या संघात खेळायचं तर भारतीय पासपोर्ट लागतो, असं केंद्र सरकारचं धोरण २००८ पासून आहे. त्यानं ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडलं आणि भारताचं घेतलं. २०१९ मध्ये तो ऑस्ट्रेलियाच्या मुख्य संघाकडून एक सामना खेळला होता. तो मैत्रीपूर्ण सामना होता म्हणून फिफाच्या नियमानं संघ बदलायला वाट राहिली. स्पर्धेतला सामना असता तर गोष्ट अवघड झाली असती. १८ नोव्हेंबर २०२५ ला ढाक्यात बांगलादेशाशी सामना होता. तोवर त्याचे कागद पुरे झाले नाहीत, आणि आपण एका गोलनं हरलो. गंमत पाहा, समोरच्या संघात हमझा चौधरी होता. इंग्लंडमध्ये जन्मलेला, तिथंच वाढलेला आणि आईच्या नात्यानं बांगलादेशाचा झालेला. आमच्या हॉटेलात वाद चालला होता तो प्रश्न ढाक्यात केव्हाच सुटला होता.

अशा वादात दोन-तीन प्रश्न एकमेकांत गुंततात. हा आपला आहे का, हा एक. हा चांगला खेळतो का, हा दुसरा. आणि तिसरा, जो हॉटेलात सहसा कुणी विचारत नाही: संघात जी जागा रिकामी आहे तिथं हा बसतो का? निवड करणाऱ्याला खरं तर या तिसऱ्या प्रश्नाशीच झुंजायचं असतं. देशातले अकरा उत्तम खेळाडू एकत्र केले म्हणजे उत्तम संघ होत नाही. त्यातले पाच जण मधल्या फळीतले निघाले तर बचाव कुणी करायचा?

माझे अब्बा हे फार चांगलं समजावून सांगत. आमचा नांदेड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात आणि पुढं १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. अब्बा शिकायला हैदराबादला राहिले, तेव्हा तिथं फुटबॉलचे दिवस होते. हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघानं मुंबईत जाऊन रोव्हर्स करंडक १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं जिंकला. त्या संघाला घडवणारे सय्यद अब्दुल रहीम मूळचे शाळामास्तर. रहीमसाहेब पुढं भारताचेही प्रशिक्षक झाले. अब्बा त्यांचं नाव घेताना नेहमी "साहेब" लावत.

साल १९५६. १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना झाली आणि मराठवाडा हैदराबाद सोडून मुंबई राज्यात गेला. बरोबर महिन्यानं, १ डिसेंबरला, मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये भारतानं यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असं हरवलं. तीन गोल एकट्या नेव्हिल डिसूझांचे. मूळचे गोव्याकडचे, खेळत मुंबईत. ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारे ते पहिले आशियाई. अब्बा म्हणत, "हमारी तो दोनों तरफ से जीत हुई." प्रशिक्षक जुन्या राज्याचा, गोल करणारा नव्या राज्याचा! त्या संघात हैदराबादचे खेळाडू बरेच होते: बलराम, अझीझुद्दीन, नूर मोहम्मद, झुल्फिकारुद्दीन, अहमद हुसेन. प्रशिक्षक हैदराबादचा म्हणून आपल्या गावच्यांना घेतो, असं म्हणायला जागा होतीच. पण संघ उपान्त्य फेरी गाठून चौथा आला. भारतीय फुटबॉलनं ऑलिंपिकमध्ये त्याहून वर कधी मजल मारलेली नाही.

मला स्वतःला १९६२ ची जाकार्ताची गोष्ट अधिक आवडते. आशियाई खेळांत पहिल्याच सामन्यात आपण दक्षिण कोरियाकडून हरलो होतो. थायलंडविरुद्ध जर्नेल सिंग यांच्या डोक्याला मार बसला, टाके पडले. जर्नेल म्हणजे बचावातला भक्कम पहारेकरी. डोक्याला टाके असलेल्या माणसाला खेळवायचं की बसवायचं, एवढेच दोन पर्याय तुम्हाआम्हाला सुचले असते. रहीमसाहेबांनी जर्नेलना बचावातून काढलं आणि पुढच्या फळीत, गोल करायच्या जागेवर उभं केलं. उपान्त्य सामन्यात त्यांनी गोल केला. ४ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात पुन्हा दक्षिण कोरियाच समोर. एक गोल पी. के. बॅनर्जींचा, दुसरा जर्नेल यांचा, आणि आपण २-१ नं सुवर्णपदक जिंकलं. पुढच्याच वर्षी, जून १९६३ मध्ये, रहीमसाहेब कर्करोगानं गेले. आशियाई खेळांतलं फुटबॉलचं सुवर्णपदक त्यानंतर आपल्याला मिळालेलं नाही.

आता माझं थोडं सांगतो. काही वर्षांपूर्वी एका कविसंमेलनाचं निमंत्रण आलं. गाव आणि संयोजक यांची नावं राहू देत. फोनवरचे गृहस्थ मोकळ्या मनानं बोलून गेले, "यादी जवळजवळ झालीच आहे, तुमच्यातला एक राहिला होता." मी गेलो. कविता वाचली, टाळ्याही पडल्या. पण परतीच्या एसटीत रात्रभर मला तो "एक" टोचत राहिला. त्यांना माझी कविता हवी होती की माझं नाव? गंमत अशी की त्याच कार्यक्रमात दुसऱ्या एका रसिकानं मला मायेनं विचारलं, "मराठी इतकं छान कसं काय शिकलात?" शिकलो कसला! माहूरच्या गल्लीत जन्मलो, तिथंच बोलायला लागलो. म्हणजे बघा, एकाला मी माझ्या नावासाठी हवा होतो आणि दुसऱ्याला त्याच नावामुळं परका वाटलो. कविता कशी होती, हे दोघांपैकी कुणीच बोललं नाही. म्हणून हॉटेलातल्या पोराला मी म्हणालो, "बाबा, तो आपला आहे हे पासपोर्टानं ठरलं. आता तो कोणत्या जागेवर खेळतो ते सांग." पोरगं गप्प झालं. मग त्यानं मोबाइलवर शोधलं आणि म्हणालं, "पुढं खेळतो चाचा. कडेनं."

पुढं खेळतो, ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण आपल्या संघाची दुखरी जागा तीच आहे. सुनील छेत्री जून २०२४ मध्ये ९४ गोल करून निवृत्त झाले. मार्च २०२५ मध्ये चाळिशीच्या या माणसाला परत बोलवावं लागलं आणि परतल्याबरोबर मालदीवविरुद्ध त्यांनी गोलही केला. त्यावर केवढा गदारोळ! तरुणांची वाट अडवली म्हणे. पण वाटेवर तरुण होते कुठं? आपल्या इंडियन सुपर लीगमध्ये गोल करायच्या जागेवर बहुतेक क्लब परदेशी खेळाडू ठेवतात. क्लबला दर आठवड्याला जिंकायचं असतं, त्यांचं चूक तरी कसं म्हणावं? आपला मुलगा मग कडेला सरकतो, मागं सरकतो, नाहीतर बाकावर बसतो. वर्षभर जी जागा भारतीय मुलाला मिळत नाही, त्या जागेसाठी राष्ट्रीय प्रशिक्षकानं माणूस आणायचा कुठून?

ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील प्रशिक्षक झाले. जन्म कुवेतचा, खेळाडू म्हणून कारकीर्द बरीचशी मुंबईत. त्यांनी पहिल्या स्पर्धेत छेत्रींना वगळलं, ऑक्टोबरमध्ये परत घेतलं. त्या पहिल्या स्पर्धेसाठी मोहन बागाननं आपले खेळाडू सोडलेच नाहीत. फिफानं वर्षातले ठरावीक दिवस देशाच्या सामन्यांसाठी राखलेले असतात. त्या दिवसांत क्लबला खेळाडू सोडावाच लागतो, एरवी सक्ती नसते. तरी ओमानला हरवून आपण तिसरे आलो. मग ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरकडून २-१ नं हरलो आणि २०२७ च्या आशियाई चषकाची वाट बंद झाली. आपण यादी वाचतो आणि म्हणतो, अमक्याला का घेतलं नाही? त्या अमक्याच्या क्लबनं त्याला सोडलं होतं का, हे कुणी विचारत नाही.

आणखी एक बातमी २०२३ मध्ये वर्तमानपत्रांत आली होती. आदल्या वर्षीच्या पात्रता सामन्यांच्या वेळी फुटबॉल महासंघानं एका ज्योतिषाची मदत घेतली होती, आणि तेव्हाचे परदेशी प्रशिक्षक खेळाडूंची नावं त्याच्याकडं पाठवत होते, अशी ती बातमी. देशभर हसू झालं. माहूरला फारसं कुणी हसलं नाही. आमच्याकडं विहीर खणण्याआधीही विचारून घेतात. पण विहिरीला निदान जमीन तरी आपली असते.

ही जमिनीची गोष्ट मला खरी वाटते. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला. त्याआधी १५ सप्टेंबरला महाराष्ट्र सरकारनं दहा लाख मुलांना एका दिवशी फुटबॉल खेळायला लावायचं ठरवलं. शाळाशाळांत चेंडू आले. आमच्या भागातल्या जिल्हा परिषदेच्या एका शाळेत मीही बघायला गेलो. एक चेंडू आणि त्यामागं दीडशे पोरं. गोल कुठं आहे याची कुणाला फिकीर नव्हती. एवढा आनंद मी कुठल्या संमेलनातही पाहिला नाही.

त्या विश्वचषकाच्या आपल्या एकवीस जणांच्या संघात आठ मुलं मणिपूरची होती. २०११ च्या जनगणनेत मणिपूरची लोकसंख्या साडेअठ्ठावीस लाखांच्या आसपास आहे. आणि आमच्या एकट्या नांदेड जिल्ह्याची? साडेतेहतीस लाखांच्या वर. आमच्या जिल्ह्याहून लहान राज्यानं आठ जण दिले. आम्ही शून्य. कोलंबियाविरुद्ध भारताचा विश्वचषकातला पहिला गोल करणारा जीक्सन सिंगही मणिपूरचाच, आणि आधीच्या प्रशिक्षकाच्या काळात तो संघात नव्हता! त्याच संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, रिक्षाचालकाचा मुलगा. कोल्हापुरात तालमींचे फुटबॉल संघ आहेत. पाटाकडील, दिलबहार. शाहू स्टेडियमवर त्यांचा सामना असला की अर्धं गाव तिकडं. तिथं अनिकेत निघणं नवलाचं नाही. आणि आणखी एक नाव होतं, नमित देशपांडे. मराठी घरातला, अमेरिकेत वाढलेला. "बाहेरचा" म्हणून त्याच्यावरही कुजबुज झालीच.

देशपांडे आडनावाच्या मुलाला बाहेरचा म्हणतात हे ऐकून, खरं सांगतो, मला जरा बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याची लाजही वाटली.

हॉटेलातल्या त्या पोरांपैकी एक जण, जो सगळ्यात कमी बोलला होता, मला दोन दिवसांनी रस्त्यात भेटला. धाकटा भाऊ नववीत आहे, पळतो फार चांगला, डाव्या पायानं चेंडू मारतो, म्हणाला. त्याचं नाव कुठं द्यायचं? मी चौकशी केली. शाळेनं संघ नोंदवायला हवा. मग जिल्हा स्पर्धा, तिथून लातूर विभाग, मग राज्य. आमच्यापासून नांदेड सव्वाशे किलोमीटर, लातूर त्याच्याही पुढं. आणि आधी शाळेत अकरा पोरं पाहिजेत, मैदान पाहिजे, बरोबर जाणारा शिक्षक पाहिजे. मी शाळेत गेलो. २०१७ च्या त्या चेंडूबद्दल सहज विचारलं. शिपाई आतून घेऊन आला. हवा गेली होती, पण फाटला नव्हता. पंप सायकलच्या दुकानात मिळाला, सुई मिळाली नाही. ती नांदेडहून मागवली आहे.