हिरडा, जीवनसत्त्वें आणि स्वादुपिंड

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम भागांत, नाणेघाट व भीमाशंकर यांच्या बाजूच्या डोंगरांत, हिरड्याचीं झाडें विपुल आहेत. आंतील आठळी कठीण होण्यापूर्वींच कोवळीं फळें उतरवून वाळवितात. वाळल्यावर तीं काळीं पडतात. हाच बाळहिरडा. तेथील महादेव कोळी कुटुंबांना त्याच्या विक्रीचा मोठा आधार असतो. शहरांत मात्र हिरड्याचें चूर्ण मधुमेहावर म्हणून घेणारे पुष्कळ आढळतात, आणि जोडीला 'क' व 'ई' जीवनसत्त्वांच्या गोळ्याही. यांनीं स्वादुपिंडाचें रक्षण होतें, असें त्यांस सांगण्यांत आलेलें असतें. हें सांगणें सर्वस्वीं निराधार नाहीं. म्हणूनच तें नीट तपासलें पाहिजे.

स्वादुपिंडांत पेशींचे बारीक पुंजके असतात. त्यांतील बीटा पेशी इन्शुलिन तयार करतात. सन १९४३ मध्यें ग्लासगो येथें डन, शीहन व मॅक्लेची हे संशोधक, चिरडल्या गेलेल्या माणसांचीं मूत्रपिंडें कां निकामी होतात, याचा शोध घेत होते. त्यांनीं सशांना ॲलॉक्सन नांवाचें द्रव्य टोंचलें, तों बीटा पेशीच मरून गेलेल्या आढळल्या! याचा उलगडा पुढें झाला. ॲलॉक्सनची घडण साखरेसारखी असल्यामुळें बीटा पेशी त्यास आंत घेते, आणि आंत प्राणवायूचीं दाहक रूपें उत्पन्न होतात. त्यांचा निकाल लावणारीं द्रव्यें यकृताच्या पेशींत भरपूर असतात, बीटा पेशींत फार थोडीं. सगळ्या शरीराच्या साखरेचा हिशोब ठेवणारी पेशी स्वतःच्या रक्षणाच्या बाबतींत इतकी दुबळी असावी, हें नवलच.

हा दाह शमविणाऱ्या द्रव्यांस अँटिऑक्सिडंट म्हणतात. 'क' व 'ई' जीवनसत्त्वें आणि हिरड्यांतील तुरट द्रव्यें याच वर्गांतलीं. अशीं द्रव्यें दिलेल्या उंदरांच्या पेशींची हानि कमी झाल्याचें अनेक प्रयोगांत दिसलें आहे. हिरड्याच्या अर्कानें त्यांची साखर उतरल्याचेही प्रयोग आहेत.

परंतु माणसाच्या बीटा पेशी ॲलॉक्सनला उंदराच्या पेशींइतक्या सहज बळी पडत नाहींत. शिवाय प्रौढपणींचा मधुमेह एका दिवसाच्या विषानें होत नाहीं. तो वर्षानुवर्षें मुरत जातो. अमेरिकेंत बावीस हजारांवर पुरुष डॉक्टरांवर सरासरी बारा वर्षें चाललेल्या प्रयोगाचा निकाल १९९९ सालीं आला: गाजरांतील बीटा कॅरोटिन दिल्यानें मधुमेह टळला नाहीं. तेथीलच स्त्रियांना 'क', 'ई' व बीटा कॅरोटिन नऊ वर्षांहून अधिक काळ दिलें. २००९ सालीं उत्तर तेंच मिळालें. फिनलंडांत तर बीटा कॅरोटिन घेणाऱ्या धूम्रपानी पुरुषांत फुप्फुसांचा कर्करोग वाढल्याचें १९९४ सालीं आढळलें. ताटांतला आवळा निराळा आणि बाटलींतली गोळी निराळी.

हिरडा पोटासाठीं घरोघरीं घेतला जातो, त्याला कोणाची हरकत नाहीं. हरकत आहे ती औषधाच्या जागीं तो बसविण्याला. कित्येक मुलांच्या बीटा पेशी शरीराच्या स्वतःच्याच संरक्षक यंत्रणेनें नष्ट केलेल्या असतात. चूर्णाच्या भरंवशावर अशा मुलाचें इन्शुलिन थांबविलें, तर थोड्याच दिवसांत रक्तांत आम्ल सांचून प्राणांवर बेततें.