हातमोज्यात लपलेलं बियाण्याचं औषध

मृग लागायच्या सुमारास यवतमाळच्या शिवारात बीजप्रक्रियेची लगबग असते. सोयाबीन असो की तूर, किलोला ३ ग्रॅम थायरम चोळायचं, की बियाणं बुरशीपासून वाचतं. औषध हाताला लागू नये म्हणून रबरी हातमोजे घालायचे. आता गंमत बघा : रबराच्या कारखान्यातही हेच थायरम वापरतात! तिथं त्याचं नाव टीएमटीडी. म्हणजे ज्याच्यापासून वाचायला मोजा घातला, तेच मोज्यात असू शकतं.

बुरशीनाशकाचं रबरात काय काम? कच्चं रबर उन्हात चिकट होतं, थंडीत कडक. १८३९मध्ये चार्ल्स गुडइयरने ते गंधक घालून तापवलं आणि लवचीक, टिकाऊ रबर हाती आलं. पण ही क्रिया फार संथ. थायरम आणि त्याचे भाऊबंद तिला वेग देतात, म्हणून त्यांना अ‍ॅक्सिलरेटर म्हणतात. काम झाल्यावरही त्यांचे थोडे रेणू रबरात मोकळे उरतात आणि हात घामेजला की कातडीवर उतरतात.

कातडी तर भक्कम, मग ते आत शिरतात कसे? इवलेसे असतात म्हणून! साधारण ५०० डाल्टनपेक्षा हलका रेणू कातडीतून झिरपू शकतो. थायरमचा भार जेमतेम २४०. आत जाऊन तो आपल्याच प्रथिनाला चिकटतो आणि घरचं प्रथिन परकं दिसू लागतं. कातडीतल्या लँगरहान्स पेशी म्हणजे गावचे पोलीस पाटील. त्या स्वतः लढत नाहीत, वर्दी घेऊन काखेतल्या गाठींपर्यंत जातात. तिथल्या टी-पेशी हा परका कायमचा लक्षात ठेवतात. एवढं सगळं घडतं, पण हातावर एक पुटकुळीही नाही!

पुढच्या खेपेला मात्र एक-दोन दिवसांत हात खाजतो, लाल होतो, बारीक फोड येतात. बहुतेकदा मोजा संपतो तिथंच पुरळही थांबतं. इतक्या उशिरा उठलेल्या पुरळाबद्दल मोज्यावर संशय कोण घेणार? (रबराच्या चिकातल्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी वेगळी, तिच्या गांधी काही मिनिटांतच उठतात.)

मग मोजे फेकून द्यायचे? मुळीच नाही. औषधापासून बचाव हवाच : २०१७च्या हंगामात याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २०हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. पुरळ कशामुळे उठलं हे कळलं, की मोजा बदलता येतो. त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर ४८ तास पट्ट्या लावून, म्हणजे पॅच टेस्ट करून, नेमका गुन्हेगार शोधतात. अ‍ॅक्सिलरेटर न घातलेले नायट्राइलचे मोजेही मिळतात. तेव्हा हाताला पुरळ उठलं, तर दवाखान्यात औषधाच्या डब्याबरोबर हातमोजाही न्या.