नाहरगडच्या उतारावरची अँबॅसिडर

संपादकांना जयपूरची जुन्या गाड्यांची रॅली हवी होती. पितळी दिवे, फेटेवाले मालक, जयमहाल पॅलेसची हिरवळ. तेही पाहिलं. पण पाय रेंगाळले ते ट्रान्सपोर्ट नगरच्या एका गॅरेजात, जॅकवर चढवलेल्या दुधी रंगाच्या अँबॅसिडरपाशी.

गाडीचा इतिहास कुणालाही ठाऊक असतो: मूळ इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, कारखाना बंगालात उत्तरपाड्याला, २०१४ साली उत्पादन बंद. या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. मालकांचं घर नाहरगडच्या वाटेवर. त्या वळणावळणाच्या उतारावर ड्रम तापतो, तापला की फुगतो आणि आतल्या लायनरपासून दूर सरकतो. पेडल खाली जातं आणि गाडी थांबायचं नाव घेत नाही. डिस्कचं उलटं. तीही तापते, पण फुगून पॅडकडेच येते, शिवाय उघड्यावर असल्यानं लवकर निवते.

मिस्त्रींनी पुढच्या डिस्क आणल्या होत्या इसुझू इंजिनाच्या, भंगारात निघालेल्या अँबॅसिडरच्या. बूस्टर मारुतीचा. साठीचा माणूस, बोटांच्या पेरांत ग्रीस कायमचं मुरलेलं. कॅलिपरचं ब्रॅकेट लेथवरून आलं होतं. ते बसवून त्यांनी चाक हातानं फिरवलं आणि कान लावला. खर्र. उतरवलं, कानस मारली, पुन्हा बसवलं. असं चार वेळा. रिम आणि कॅलिपर यांच्यात बोटाचं नख मावू लागलं, तेव्हा मला वाटलं आता चहा. त्यांनी पाचव्यांदा उतरवलं.

खरी गंमत, म्हणजे डोकेदुखी, पुढे होती. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये एक छोटा व्हॉल्व्ह असतो. पाय उचलल्यावरही तो ड्रमच्या लाइनमध्ये थोडा दाब राखून ठेवतो. तोच दाब डिस्कच्या लाइनमध्ये राहिला तर पॅड चिकटून राहतात आणि सपाट रस्त्यावरही चाक तापतं. कॅलिपरला तेलही जास्त लागतं, म्हणून सिलिंडर मोठा हवा. पाऊण इंचाऐवजी सात-अष्टमांश घेतला तर क्षेत्रफळ ३६ टक्क्यांनी वाढतं. पेडल कमी खाली जातं, पण तेवढंच जड होतं. म्हणून बूस्टर. पुढचं सगळं सुधारून मागचं तसंच ठेवलं, तर वजन पुढे झुकताच हलकी झालेली मागची चाकं आधी जाम होऊन गाडी फिरायची भीती. मिस्त्री मोकळ्या मैदानात वाळू पसरून तेच बघत होते.

कागदांचं काय, असं मी विचारलं. ५० वर्षांवरच्या गाड्यांना २०२१च्या नियमांनी ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो, पण गाडी मूळ रूपात हवी, चॅसी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नको. ब्रेकचं नाव त्यात नाही, पण रॅलीच्या परीक्षकांची नजर चाकाआड जातेच. मिस्त्रींनी डिकी उघडून दाखवली. जुने ड्रम, शू, स्प्रिंगा, सगळं गोणपाटात बांधून ठेवलेलं. “रॅलीच्या आठवड्यात पुन्हा चढवू, भाईसाब.”

तेवढ्यात मालक आले. पेडल दाबून खूश झाले आणि सहज म्हणाले, पेट्रोल वाचवायला नाहरगडवरून आपण इंजिन बंद करून उतरतो, वडिलांपासूनची सवय. मिस्त्रींचा हात थांबला. बूस्टर चालतो तो इंजिनाच्या ओढीवर. ते बंद झालं की दोन-तीनदा दाबेपर्यंत साथ, मग पेडल दगड. त्यांनी किल्ली काढून घेतली, मालकांना ड्रायव्हर सीटवर बसवलं आणि म्हणाले, “आता दाबा. अजून दाबा.”