पुठ्ठ्याच्या खोक्यात दादींचे माळवद

दिवाळीची सुट्टी लागली की घरात मोबाईलची ओढाताण सुरू होते. या वर्षी आमच्याकडे त्यात एक हट्टही होता. मुलींनी बाजारात बाहुलीघर पाहिले होते. गुलाबी प्लास्टिकचे, उतरत्या छपराचे, आत सोनेरी केसांची बाहुली. किंमत ऐकून आम्ही दोघी जावा दुकानातून तशाच परत आलो. घरी आल्यावर धाकटीने सहज विचारले, “दादी, तुमचं जुनं घर असं होतं का?”

दादी हसल्या. “आमच्या घराला ना पत्रा, ना स्लॅब. माळवद होतं.”

माळवद म्हणजे काय, हे मुलींपैकी एकीलाही सांगता आले नाही. बीड जिल्ह्यात राहूनही! पण दोष त्यांचा नाही. दादींचे ते घर आता उरलेले नाही. वाटण्या झाल्या, जुने लाकूड विकले गेले, जागेवर स्लॅबचे दोन मजले उभे राहिले. लाकूड टेम्पोत भरले जात होते तेव्हा दादी एक शब्दही बोलल्या नव्हत्या. घराचा फोटो एकच आहे, आणि त्यात माणसेच जास्त, घर मागे अर्धेमुर्धे दिसते. तेव्हा आम्ही ठरवले, बाहुलीघर विकत आणायचे नाही, दादींचेच घर बांधायचे.

आधी माप

बाहुलीघरासाठी जगभर सर्वांत जास्त वापरले जाणारे माप सोपे आहे: एका फुटाला एक इंच. इंग्लंडच्या राणी मेरीसाठी 1924 साली पूर्ण झालेले प्रसिद्ध बाहुलीघर याच मापाचे आहे. त्याचा आराखडा एडविन लुटियन्स यांचा, म्हणजे ज्यांनी दिल्लीचे राष्ट्रपती भवन उभारले त्यांचाच. त्या घरात विजेचे दिवे आहेत आणि नळाला पाणीही येते. त्याआधी सतराव्या शतकाच्या अखेरीस ॲमस्टरडॅमच्या पेट्रोनेला ऑर्टमन या श्रीमंत बाईंनी आपल्या बाहुलीघरावर जवळजवळ खऱ्या घराइतका खर्च केला होता. आम्ही ठरवले दीडशे रुपये.

पण दादींना फूट-इंच ठाऊक नाहीत. त्यांचे माप हात आणि वीत. मोठ्या मुलीने वहीत हिशेब मांडला: एक हात म्हणजे दीड फूट, म्हणून दीड इंच. एक वीत म्हणजे पाऊण फूट, म्हणून पाऊण इंच. ओसरी बारा हात लांब होती, ती झाली 18 इंच. भिंतीतली देवळी एक वीत, ती पाऊण इंच. दार साडेतीन हात, म्हणजे सव्वापाच इंच. “इतकं बुटकं?” मुलींनी विचारले. दादी म्हणाल्या, “वाकूनच आत यायचं. नवी नवरी पहिल्या दिवशी हमखास डोकं आपटायची. मी पण आपटलं.” इतक्या वर्षांत ही गोष्ट आम्हा सुनांनाही कळली नव्हती.

भिंती आणि छत

कूलरच्या खोक्याची एक बाजू कापून टाकली, की समोरून उघडे घर तयार. भिंतींना लिंपण म्हणून आम्ही शेतातली काळी माती लावली. सकाळी पाहतो तर सगळीकडे भेगा! काळी माती वाळताना आकसते, हे शेतकऱ्याच्या घरात राहून आमच्या ध्यानात आले नाही. मग जुन्या वर्तमानपत्राचा लगदा करून त्यात चाळलेली पांढरी माती आणि थोडे फेविकॉल घातले. ते लिंपण छान बसले.

माळवदाला लाकडी तुळया, त्यावर आडवी लाकडे आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर असतो. त्यामुळे उन्हाळ्यात घर गार राहते. पावसाळ्याआधी मात्र वर नवी माती टाकून छत नीट करावे लागते. तुळयांसाठी आम्ही ज्वारीची धाटे घेतली. आपल्याकडची पोरे पूर्वी याच धाटांची बैलगाडी करत. वरच्या सालीच्या कांबी खिळ्यासारख्या आतल्या मऊ गाभ्यात खुपसायच्या, ना डिंक लागतो ना दोरा. उजेडासाठी माळवदाला भोक ठेवत, दादी त्याला ‘सानं’ म्हणतात. तेही ठेवले. दुपारी खिडकीशी घर नेले की त्यातून ओसरीवर उन्हाचा चौकोन पडतो.

एकच विषय धरा

भगिनींनो, एक अनुभव सांगतो. जे सुचेल ते बनवत गेले की घराची अडगळ होते. म्हणून एक दिवस, एक प्रसंग धरावा. आम्ही धरली ईदच्या आधीची लगबग. मग कोणती वस्तू हवी आणि कोणती नको, ते आपोआप ठरत गेले.

शेवया: पांढऱ्या दोऱ्याचे तुकडे खळीत बुडवून काडीवर वाळत घातले.

बाज: आइस्क्रीमच्या काड्यांची चौकट, सहा इंच लांब. सुतळीचा पीळ सोडवून एकाच पदराने विणली.

जाते: जुन्या कोटाची दोन मोठी बटणे आणि आगकाडीचा खुंटा.

वाट्या: औषधाच्या रिकाम्या पाकिटातले फुगीर कप्पे कापून. ते धुऊन घ्यावेत आणि कडा मोठ्यांनीच कापाव्यात.

कलईची भांडी: त्याच पाकिटाची चांदी मातीच्या लहान गोळ्यांवर दाबून. तोटीच्या बधन्याची तोटी मात्र चार वेळा मोडली. पाचव्यांदा काडीचे टोक लावले, ते टिकले.

गोधडी, जानमाज, दस्तरख्वान: शिंप्याकडची कात्रणे. ती त्याने फुकट दिली.

रेहल: पातळ काडीचे दोन तुकडे, मधोमध खाच पाडून एकमेकांत अडकवलेले. त्यावर लिहिलेला कागद मात्र ठेवला नाही. खेळता खेळता बेअदबी नको.

फेविकॉल, रंगाच्या दोन डब्या आणि एक ब्रश, एवढेच विकत आणले. दीडशेतून काही रुपये उरलेही.

बाहुल्यांचे काय?

हा प्रश्न आमच्याही घरात निघाला. तेव्हा दादींनी हजरत आयशा (रजि.) यांचा प्रसंग सांगितला. तो अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात आहे. वाऱ्याने पडदा सरकला आणि त्यांची खेळणी दिसली. बाहुल्यांमध्ये एक घोडा होता, त्याला कापडाचे दोन पंख. घोड्याला पंख कसे, असे प्रेषितांनी (स.) विचारले. त्यांनी उलट विचारले, सुलैमान (अलै.) यांच्या घोड्यांना पंख होते हे आपण ऐकले नाही का? यावर प्रेषित (स.) मनमोकळे हसले. चित्रे आणि मूर्ती यांबाबत उलेमांचे म्हणणे कडक असले, तरी मुलांच्या खेळण्यातल्या बाहुल्यांना अनेकांनी मुभा दिली आहे. काहीजण चेहरा नसलेली बाहुली बरी मानतात. आम्ही चिंध्यांच्या बाहुल्या केल्या आणि चेहरे कोरेच ठेवले. त्याचा एक फायदा झाला. कोणती बाहुली कोण, ते दादींनीच ठरवले: ही माझी सासू, ही नणंद, आणि दाराशी कपाळ चोळत उभी आहे ती मी.

अंगणातली कोपी

शेजारची एक मुलगी रोज आमच्याकडे येत होती. तिचे आईवडील दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेले आहेत. आपल्या जिल्ह्यातली हजारो कुटुंबे दरवर्षी अशीच पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. ही आपल्या आजीजवळ राहते. चार दिवस तिने आमच्या मुलींना मदत केली. पाचव्या दिवशी ती घरून उसाचे वाळलेले पाचट घेऊन आली आणि म्हणाली, “मला कोपी करायचीय. आई-बाबा राहतात तसली.”

दादींनी विचारले, “किती हात उंच?” तिला हात ठाऊक नव्हता. ती उठून उभी राहिली. “मधोमध आई सरळ उभी राहते. कडेला वाकावं लागतं.” मोठ्या मुलीने वही उघडली: आई पाच फूट, म्हणजे मधली उंची पाच इंचांहून थोडी जास्त. तारेच्या कमानी वाकवल्या, वर पाचट बांधले. आत तीन दगडांची चूल, एक हंडा आणि आगकाडीला चांदी गुंडाळून केलेला कोयता ठेवला. आमच्या घरात चाळीस वस्तू होत्या. तिच्या कोपीत या तीनच, आणि तिने चौथी मागितली नाही.

दादींनी स्वतःच्या हाताने ती माळवदाच्या अंगणात ठेवली. बाकी सगळे आम्ही फेविकॉलने पक्के चिकटवले आहे, कोपी तेवढी सुटी आहे. उन्हाळ्याच्या तोंडाला पट्टा पडला की तिची आई परत येईल. तेव्हा ती उचलून घरी न्यायची आहे.