टेफ्लॉन इथे चालत नाही
उच्च दाबाची केबल निवडायची म्हटलं की मन आधी टेफ्लॉनकडे धावतं. ते वीज उत्तम अडवतं, उष्णता सोसतं, रसायनांना दाद देत नाही. पण जिनिव्हाजवळच्या सर्न या कण-भौतिकीच्या प्रयोगशाळेत, जिथे कण टिपणाऱ्या डिटेक्टरला हजारो व्होल्ट पोचवायचे असतात, तिथे किरणोत्साराच्या पट्ट्यात हेच टेफ्लॉन दगा देतं. किरणोत्सार पॉलिमरच्या लांबलचक साखळ्या तोडतो. टेफ्लॉनमध्ये हे तुकडे पुन्हा जुळत नाहीत, त्यामुळे हवेत काही हजार ग्रेमध्येच ते ठिसूळ होतं. एक किलो पदार्थाने एक ज्यूल ऊर्जा शोषली की एक ग्रे. माणसाला चार-पाच ग्रेही प्राणघातक ठरू शकतात, तेव्हा आपण टेफ्लॉनला नाजूक म्हणणं जरा धाडसाचंच!

पॉलिइथिलीनच्या साखळ्या तुटतात तशा एकमेकींना जोडल्याही जातात, म्हणून ते लाख ग्रेच्या आसपासही तग धरतं. पॉलिइमाइडच्या रेणूत बेंझीनसारखी वलयं असतात. आलेली ऊर्जा त्या वलयांत वाटली जाते आणि बंध न तोडता उष्णता होऊन निघून जाते. म्हणून त्याची सहनशक्ती कोटी ग्रेच्या घरात. पीव्हीसीचा विचारच नको. त्यातून हायड्रोजन क्लोराइड सुटतो, आणि आग लागली तर त्याचा धूर महागडी यंत्रं गंजवतो.

आता निवडीतली खरी मेख. इन्सुलेशन सहसा आधी विजेच्या कसोटीवर नापास होत नाही, ते आधी लवचीकपणा गमावतं. म्हणूनच चाचणीत ते ताणून पाहतात: तुटण्यापूर्वी ताणलं जाण्याची क्षमता मूळच्या निम्म्यावर आली, की तोवर शोषलेली किरणोत्साराची मात्रा त्याची मर्यादा धरतात. कडक झालेली केबल जागची हलली नाही तर वर्षानुवर्षं व्होल्टेज पेलते. दुरुस्तीसाठी कुणी ती वाकवली की बारीक भेग पडते, भेगेत हवा शिरते, त्या हवेत सूक्ष्म विद्युत-विसर्ग सुरू होतात आणि ते इन्सुलेशन आतून कुरतडतात. तेव्हा केबल पुढे हलणार आहे का, हे व्होल्टेजइतकंच महत्त्वाचं.

तक्त्यात दिलेला या मर्यादेचा आकडाही जसाच्या तसा घेऊ नये. चाचणी बहुधा कोबाल्ट-६० च्या गॅमा चेंबरमध्ये उरकतात. नवी मुंबईतली ब्रिट ही संस्था असे चेंबर बनवते. तिथे मात्रा झपाट्याने दिली तर ऑक्सिजनला आतवर झिरपायला वेळच मिळत नाही, त्याची झळ फक्त वरच्या थराला लागते. प्रत्यक्षात तीच मात्रा दहा-वीस वर्षांत हळूहळू मिळते, ऑक्सिजन गाभ्यापर्यंत पोचतो आणि नुकसान जास्त होतं. मर्यादेच्या बरंच अलीकडे थांबणं शहाणपणाचं.

लाखमोलाची केबल घेऊन शेवटी उच्च दाबासाठीचा एसएचव्ही कनेक्टर नेहमीचाच लावतात, आणि त्याच्या पोटात बहुतेक वेळा टेफ्लॉनच असतं. ऑर्डर देतानाच त्याचं इन्सुलेशन कशाचं आहे, हे लेखी विचारावं.