पाण्याखालचं चित्र स्वच्छ कसं मिळवाल?

जबलपूरजवळ नर्मदेवर बरगी धरण आहे. तिथल्या एका मच्छीमाराची होडी वादळात बुडाली. होडीवरच्या इंजिनाचे हप्ते अजून चालू होते. माझ्या छोट्या होडीवर साइड-स्कॅन सोनार आहे, हे कळल्यावर तो माझ्याकडे आला. दोन दिवस आम्ही फिरलो. पडद्यावर नुसता राखाडी गाळ दिसला. यंत्र चांगलं होतं, चूक माझी होती.

आधी हे यंत्र चालतं कसं ते पाहू. ते होडीच्या दोन्ही बाजूंना पंख्यासारखा पातळ ध्वनी सोडतं. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे 1500 मीटर जातो. परत आलेल्या प्रतिध्वनीतून पडद्यावर फक्त एक रेघ उमटते. होडी पुढे सरकते तशा रेघेला रेघ जोडत चित्र तयार होतं. म्हणजे चित्र काढणारा हात होडीचाच! तो हात थरथरला की चित्र बिघडलं.

पहिली गोष्ट, ट्रान्सड्यूसर. तो होडीच्या तळापेक्षा खाली, समतल आणि पंख्याच्या बुडबुड्यांपासून दूर हवा. माझा एका बाजूला कललेला होता. सोनारला इंजिनापासून वेगळी बॅटरी द्या, म्हणजे पडद्यावरचे फुकटचे ठिपके कमी होतात.

दुसरी, चाल. ताशी 5 ते 8 किलोमीटर वेग ठेवा आणि सरळ रेषेत जा. वळताना एका बाजूचं चित्र ताणलं जातं, दुसऱ्या बाजूचं एकावर एक चढतं. त्यामुळे वळणावरच्या चित्रावर विश्वास ठेवू नका. शेत नांगरतो तसे समांतर तास घ्या आणि प्रत्येक तास आधीच्या तासावर थोडा चढू द्या. वारा सुटण्याआधी, पहाटेच निघा.

तिसरी, पल्ला. मी हावरटपणे दोन्ही बाजूंना 60-60 मीटर ठेवला होता. तेवढ्यात सहा मीटरची होडी किती दिसणार? 25 मीटरवर आणा. 455 किलोहर्ट्झ लांबवर पोचतो, त्यावर शोध घ्या. संशयाची जागा सापडली की 800 वर जवळून पाहा, बारकावे उठून दिसतात.

चौथी, सावली. फौजेत हवाई छायाचित्रं वाचताना आम्ही वस्तूइतकीच तिची सावली पाहायचो. इथंही तेच. सावलीची लांबी गुणिले सोनारची तळापासूनची उंची, भागिले सोनारपासून सावलीच्या टोकापर्यंतचं अंतर. उत्तर येतं ती वस्तूची उंची.

तिसऱ्या दिवशी पहाटे हे सगळं नीट केलं. सातव्या तासाला सहा मीटर लांब, सरळ कडेची वस्तू दिसली. बुडालेल्या झाडाची सावली फांद्यांची, वेडीवाकडी पडते. ही सावली सलग होती. सावली 2 मीटर, उंची 8, अंतर 20. म्हणजे वस्तू 0.8 मीटर उंच. मच्छीमार म्हणाला, "साहेब, माझीच." तरी आडव्या दिशेने आणखी एक फेरी मारली. चित्र तेच आलं, मगच आकडा टाकला.

होडी वर आली, इंजिनासकट. तेव्हा मंडळी, महाग यंत्र घ्यायच्या आधी आहे ती होडी सरळ चालवायला शिका.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.